कोड कुणाच्या फोनमध्ये आहे? धंद्याच्या खात्यांना ऑथेंटिकेटर लावण्याची रीत

जिनिंगच्या आवारात शंभर गाठींचा ट्रक भरून उभा होता. काट्याची पावती झाली होती, ताडपत्री बांधून झाली होती, ड्रायव्हर दोनदा ऑफिसात डोकावून गेला होता. माल गाडीने पाठवताना सोबत लागणारं जीएसटीचं ई-वे बिल मात्र निघत नव्हतं. लॉगिनला ओटीपी लागत होता, ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जात होता आणि मालक शिरपूरला पुतण्याच्या हळदीत होते. फोन काकूंच्या पर्समध्ये, पर्स खोलीत, खोलीला कुलूप. ऑपरेटर पोरगा मला फोन करून विचारत होता, "आता काय करू भो?" ट्रक दीड तासाने फाटकाबाहेर पडला.

जळगाव जिल्ह्यातल्या काही व्यापाऱ्यांची संगणकाची आणि ऑनलाइन खात्यांची कामं मी बघतो. केळीवाले, डाळ मिलवाले, चटईचे कारखानदार, दोन जिनिंग. दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही मागणारं, लावायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कोणतं ॲप टाकू?" मी आधी उलटा प्रश्न विचारतो: कोड कुणाच्या फोनमध्ये राहणार आहे, आणि तो फोन उद्या विहिरीत पडला तर धंदा कसा उघडणार? याचं उत्तर ठरलं की ॲप टाकणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

हा कोड येतो कुठून

ऑथेंटिकेटर ॲपमध्ये सहा आकडी कोड दिसतो आणि दर तीस सेकंदांनी बदलतो. अनेकांना वाटतं की तो गूगलकडून इंटरनेटवरून येतो. तसं नाही. तो फोनमध्येच तयार होतो.

धुळ्याला राहणारा काका आणि रावेरचा भाचा यांच्याकडे एकच पंचांग आहे असं धरा. दोघांनी एकमेकांना फोन न करता आजची तिथी सांगितली तरी ती सारखीच येणार, कारण पंचांग तेच आणि तारीख तीच. ऑथेंटिकेटरचंही तसंच. खातं जोडताना एक गुप्त किल्ली तयार होते. तिची एक प्रत सेवा देणाऱ्या कंपनीकडे राहते, दुसरी तुमच्या फोनमध्ये. ही किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित दोन्हीकडे होतं आणि उत्तर जुळलं की दार उघडतं. जगात या पंचांगाच्या दोनच प्रती. म्हणून पासवर्ड चोरणाऱ्याकडे पासवर्ड असूनही कोड नसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. कोड काढायला नेटवर्क लागत नाही. धडगावच्या डोंगरात किंवा तोरणमाळला रेंज गेली तरी ॲप कोड दाखवतंच. आणि फोनचं घड्याळ चुकलं तर कोड चुकतो, जसं पंचांगाचं कालचं पान उघडलं की तिथी चुकते. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. "कोड बरोबर टाकला तरी घेत नाही" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा घड्याळच बघतो.

ही पद्धत २०११ साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ६२३८ या क्रमांकाने खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळे गूगलच्या खात्याला गूगलचंच ॲप हवं असं काही नाही. एकाच ॲपमध्ये गूगल, फेसबुक, झोहो, वेबसाइटचं डोमेन अशी सगळी खाती राहू शकतात.

एसएमएसवर येणारा ओटीपी अगदीच वाईट असं मी म्हणणार नाही. काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण तो सिमकार्डाला बांधलेला असतो. कुणी खोटी कागदपत्रं देऊन तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो. शिवाय वीज गेली आणि टॉवर बसला की मेसेज येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते.

आधी कागद आणि पेन

ॲपला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि धंद्याची सगळी ऑनलाइन खाती लिहून काढा. प्रत्येक खात्यापुढे तीन गोष्टी: पासवर्ड कुणाला माहीत आहे, नोंदवलेला मोबाइल कुणाचा, आणि पासवर्ड विसरला तर परत मिळवायचा मेल कोणता.

हा कागद भरताना धक्के बसतात. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांकडे बसलो होतो. फर्मचा जीमेल भाच्याने कॉलेजात असताना उघडून दिलेला. त्यात नोंदवलेला नंबर चार वर्षांपूर्वी काम सोडून सुरतला गेलेल्या ऑपरेटरचा. दिल्लीच्या खरेदीदारांचे सगळे हिशेब त्याच मेलवर. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने फोनवर लगेच मदत केली. पण तिजोरीची किल्ली सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात राहू देतं का कुणी? आधी हे नंबर आणि मेल दुरुस्त करा, मगच पुढे जा. नाहीतर ऑथेंटिकेटर लावूनही मागचं दार उघडंच राहतं.

क्रम म्हणाल तर मेल पहिला. बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलायची लिंक मेलवर येते. मेल गेला की सगळं गेलं. त्यानंतर वेबसाइटचं डोमेन, फेसबुक-इन्स्टाग्रामचं पान, पेमेंटशी जोडलेली खाती. दुकानाची गूगल मॅपवरची नोंद बहुतेक त्याच गूगल खात्यात असते, ती मेलबरोबरच सुरक्षित होते.

कोणतं ॲप

गूगल ऑथेंटिकेटर, मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर, झोहोचं वनऑथ, अँड्रॉइडवर चालणारं एजिस. यातलं कोणतंही चालेल. एकट्या दुकानदाराला मी गूगलचं सुचवतो, कारण ते साधं आहे. कोडची प्रत कुलूपबंद फाइल करून स्वतःकडे ठेवायची असेल तर एजिस चांगलं. ऑफिसचे मेल मायक्रोसॉफ्टवर असतील तर त्यांचंच घ्या. त्यात कोड टाइप करण्याऐवजी बहुतेक वेळा संगणकावर दिसणारा दोन आकडी अंक फोनमध्ये भरायचा असतो. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने ही अंक जुळवण्याची पद्धत सक्तीची केली, कारण लोक आलेली प्रत्येक सूचना न वाचता मंजूर करून टाकत होते. तुम्ही लॉगिन करत नसताना अशी सूचना आली तर नाकारा आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला. तुमचा पासवर्ड बहुतेक कुणाच्या तरी हातात आहे, एवढं ती सूचना सांगत असते.

प्ले स्टोअरवर नाव टाकलं की वर जाहिरातीतली दुसरीच ॲप दिसतात, काही तर आठवड्याला पैसे मागतात. ॲपच्या नावाखाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचा. वर सांगितलेल्या ॲपमध्ये कोड दाखवायला एक रुपयाही लागत नाही.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून कोड गूगल खात्यात साठवण्याची सोय आली. फोन गेला तरी नव्या फोनवर त्याच खात्याने आत शिरलं की कोड परत येतात. सोय चांगली आहे, पण एक पेच लक्षात ठेवा. फर्मच्या जीमेलचा कोड त्याच जीमेलमध्ये साठवलेला असेल, तर आत जायला कोड हवा आणि कोड मिळायला आत जायला हवं. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली. म्हणून मेलसाठी कागदावरचे कोड वेगळे काढायलाच हवेत. त्याकडे येतोच.

प्रत्यक्ष जोडणी

ही कृती गूगल खात्याची सांगतो. बाकी ठिकाणी नावं थोडी बदलतात, रीत तीच. संगणकासमोर बसा आणि फोन हातात ठेवा. दोन्ही कामं एकाच फोनवर करायला गेलात तर पडद्यावरचा क्यूआर त्याच फोनने स्कॅन करता येत नाही आणि माणूस अडकतो.

संगणकावर जीमेल उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक करून गूगल अकाउंटमध्ये जा, तिथे सिक्युरिटीचा भाग आहे. त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन शोधा. पासवर्ड पुन्हा विचारेल. मग ऑथेंटिकेटर हा पर्याय निवडा. पडद्यावर क्यूआर कोड येईल. इथे थांबा.

हा क्यूआर म्हणजेच ती गुप्त किल्ली. तो पडद्यावर असतानाच मालकाच्या फोनने स्कॅन करा, आणि लगेच दुसऱ्या विश्वासाच्या फोनने, म्हणजे भावाच्या, मुलीच्या किंवा ऑफिसच्या फोनने, तोच क्यूआर स्कॅन करा. दोन्ही फोनवर एकाच वेळी तोच कोड दिसला पाहिजे. ही एक मिनिटाची गोष्ट पुढचा मोठा मनस्ताप वाचवते, कारण हा पडदा बंद झाला की तोच क्यूआर पुन्हा दिसत नाही. तेव्हा नव्याने जोडणी करावी लागते.

क्यूआरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. "पुण्याच्या भावाला पाठवतो, तो तिकडे स्कॅन करेल" असं बरेचजण म्हणतात. तो फोटो दोघांच्या गॅलरीत, बॅकअपमध्ये, कधी चुकून ग्रुपवर राहतो, आणि ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे तुमच्या पंचांगाची आणखी एक प्रत तयार होते. भाऊ पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा करा.

स्कॅन झालं की ॲपमधला सहा आकडी कोड संगणकावर टाका. कोडशेजारचं वर्तुळ संपत आलं असेल तर घाई करू नका, पुढचा कोड येऊ द्या. कोड मान्य झाला की जोडणी पूर्ण. ॲपमध्ये त्या नोंदीला ओळखू येईल असं नाव द्या, 'फर्म मेल', 'दुकान फेसबुक' असं. दहा खाती झाली की सगळे आकडे सारखेच दिसतात.

ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांनी क्यूआरखालचा 'स्कॅन करता येत नाही' अशा अर्थाचा पर्याय दाबावा. अक्षरांची एक लांब ओळ मिळते. ती ॲपमध्ये हाताने भरता येते. ती ओळसुद्धा किल्लीच आहे, नोट्समध्ये चिकटवून ठेवू नका.

कागदावरचे दहा कोड

आता सगळ्यात महत्त्वाचं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या त्याच पानावर बॅकअप कोड नावाचा पर्याय आहे. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन नसेल तेव्हा ऑथेंटिकेटरच्या कोडऐवजी हा टाकायचा.

मी हे एकदा केलं नव्हतं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका चटई कारखान्याच्या ऑफिसचा फोन अडखळत होता, म्हणून मी तो रिसेट करून दिला. ऑथेंटिकेटर त्याच फोनमध्ये होतं, दुसरा फोन जोडलेला नव्हता, बॅकअप कोड काढलेले नव्हते. खातं परत मिळेपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत बाहेरगावच्या ऑर्डरी मेलवर पडून राहिल्या आणि त्यातल्या दोन दुसरीकडे गेल्या. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. चूक माझी होती आणि ती मला आजही टोचते. तेव्हापासून बॅकअप कोड छापून हातात येत नाहीत तोवर मी कुणाच्याही खात्याचं काम पूर्ण धरत नाही.

कोड छापा किंवा हाताने लिहा. कागदावर तारीख टाका, पण खात्याचा पासवर्ड त्याच कागदावर लिहू नका. पाकीट बंद करून जिथे जमिनीचा सातबारा आणि घरातलं सोनं ठेवता तिथे ठेवा. दुसरी प्रत त्याच जागी नको, वेगळ्या ठिकाणी ठेवा. आग लागली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही एका जागी नसावेत. एखादा कोड वापरला की खोडा. दोन-तीनच उरले की नवीन दहा काढा. नवे काढताच जुने सगळे रद्द होतात, म्हणून जुना कागद फाडून टाका.

मग लगेच परीक्षा घ्या. दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा खासगी (इन्कग्निटो) खिडकीत खातं उघडा. एकदा ॲपच्या कोडने, एकदा कागदावरच्या कोडने. जुन्या ब्राउझरमधलं लॉगिन अजून बंद करू नका. काही चुकलं असेल तर तिथून दुरुस्त करता येतं. लॉगिन करताना 'या संगणकावर पुन्हा विचारू नका' अशी खूण येते. आपल्या केबिनमधल्या संगणकावर ती चालेल. काउंटरवरच्या, सगळ्यांच्या हाताखालच्या संगणकावर ती खूण काढा.

ई-वे बिलाचं वेगळं आहे

सुरुवातीच्या ट्रकचं उत्तर इथे आहे. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलला दोन टप्प्यांचं लॉगिन टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत गेलं: वीस कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना १ जानेवारी २०२५, पाच कोटींवर १ फेब्रुवारी २०२५ आणि बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५. इथे गूगल ऑथेंटिकेटर जोडता येत नाही. ओटीपी तीन मार्गांनी मिळतो: एसएमएस, सरकारी संदेस ॲप, आणि एनआयसी-जीएसटी-शील्ड हे ॲप.

शील्ड हे ऑथेंटिकेटरचंच भावंड. इंटरनेट आणि रेंज नसतानाही दर तीस सेकंदांनी नवा ओटीपी देतं. मात्र ते ई-वे बिलाच्या पोर्टलमधूनच, टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनच्या मेन्यूतून उतरवायचं, आणि नोंदणी झालेल्या मोबाइल नंबरवरच चालू करायचं. कुणी व्हॉट्सॲपवर त्याची फाइल पाठवली तर घेऊ नका. त्यात दिसणारी वेळ पोर्टलच्या वेळेशी जुळते का, तेही बघा.

पण खरा उपाय त्याहून साधा आहे. पोर्टलमध्ये यूजर मॅनेजमेंटमधून सब-यूजर, म्हणजे फर्मच्याच खात्याखालचा वेगळ्या लॉगिनचा माणूस, तयार करता येतो आणि त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. रात्री गाड्या भरणाऱ्या ऑपरेटरला सब-यूजर करा, त्याला फक्त ई-वे बिल काढण्याचा अधिकार द्या. मालकाचा पासवर्ड त्याला सांगावा लागत नाही, मालकाला हळदीतून उठावं लागत नाही, आणि कोणतं बिल कुणी काढलं तेही कळतं. त्या जिनिंगमध्ये दुसऱ्याच दिवशी आम्ही दोन सब-यूजर केले.

माणूस काम सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचा सब-यूजर बंद करा. ज्या खात्याचा क्यूआर त्याच्या फोनने स्कॅन केला होता, त्या खात्याचं ऑथेंटिकेटर काढून नव्याने जोडा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. पंचांगाची प्रत त्याच्याकडे असते. हे अविश्वासाने नाही, रिवाज म्हणून करा. मुनीम बदलला की तिजोरीच्या किल्ल्या मोजून घ्यायची पद्धत आपल्याकडे पूर्वीपासून आहे, आणि त्यात जाणाऱ्यालाही मोकळं वाटतं.

व्हॉट्सॲप बिझनेसला ऑथेंटिकेटर लागत नाही. तिथे सेटिंगमधल्या अकाउंटमध्ये सहा आकडी पिन लावता येतो. तो लावा आणि सोबत मेलही नोंदवा.

कोड विचारणारा फोन

ऑथेंटिकेटर लावल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. खोटं लॉगिन पान बनवून त्यात पासवर्डही घेतला जातो आणि सहा आकडेही घेतले जातात, आणि तीस सेकंदांच्या आत खऱ्या पानावर वापरले जातात. म्हणून मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करू नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा आधी जतन केलेल्या खुणेवरून जा. बँक, जीएसटी ऑफिस, गूगल, फेसबुक यांच्यातलं कुणीही फोनवर हा कोड मागत नाही. मागणारा माणूस कितीही आदराने "भाऊ, दादा" करत असला तरी फोन ठेवा. पैसे गेले असतील तर तासाभराची वाट न बघता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

फोन बदलताना

नवा फोन घेतला की जुना लगेच एक्सचेंजमध्ये देऊ नका. आधी नव्या फोनवर ॲप टाका. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये ट्रान्सफर अकाउंट्स नावाचा पर्याय आहे. जुन्या फोनवर एक्सपोर्ट, नव्यावर इम्पोर्ट, मधे एक क्यूआर. दोन्ही फोन शेजारी ठेवून प्रत्येक खात्याचा कोड जुळतो का ते बघा. मग नव्या फोनच्या कोडने निदान फर्मच्या मेलमध्ये एकदा आत जा. शील्ड ॲप असेल तर ते नव्या फोनवर वेगळं चालू करा, ते या अदलाबदलीत येत नाही. हे सगळं झाल्यावर जुन्या फोनमधल्या नोंदी पुसा, फोन पूर्ण रिसेट करा, आणि मगच दुकानदाराच्या हातात द्या.